चाकाला वंगण नको

कुंभारी, ता. २७ जुलै १९७७

प्रिय सोमलिंग,

शरणु शरणार्थी. तीन वर्षांनी माझं अक्षर पाहून तुझ्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. पडू देत. तू विजापूरला मुलाकडे गेल्यावर तुझी दोन पत्रं आली होती. ती मी जपून ठेवली आहेत आणि त्यांना उत्तर दिलं नाही हेही विसरलेलो नाही. का दिलं नाही ते आज विचारू नकोस. आज काम वेगळं आहे.

आपल्या माळावर माळढोकीण आहे.

परवा सोमवारी मी आणि करिया रोजच्यासारखे सहाला निघालो. (तुझा कुत्रा जिवंत आहे, हे खरं तर आधी लिहायला हवं होतं. तोंडाभोवती पांढरा झालाय, उजव्या डोळ्यावर पडदा आलाय, पण नाकाला काही झालेलं नाही.) टिटवीने नेहमीप्रमाणे शिव्या घातल्या. चंडोल वर चढून गात होता, बाभळीवर खाटीक पक्षी बसला होता. मी वहीत टिपत चाललो होतो. मोजणी खात्यात तीस वर्षं साखळी ओढली, आता पाखरं मोजतो. रत्नम्मा म्हणते, "येन्री, पेन्शन लागली तरी मोजणी सुटंना की तुमची!"

गाडीवाटेच्या वळणावर करिया थबकला. उजवा पाय वर, शेपूट ताठ, तू शिकवलंस अगदी तसं. नाकाच्या रोखाने पाहिलं तर साठ पावलांवर गवतातून एक मान वर आलेली, डोक्यावर काळी टोपी. तिने कुत्र्याला पाहिलं आणि खाली बसली. उडाली नाही. मादी उडत नसेल तर तिच्या पोटाखाली काहीतरी आहे, हे तुझंच शिकवणं.

तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. घरात बसवत नाही, बाहेर गेलो की परत यावंसं वाटतं. मला तिला जवळून पाहायचंय. पायी शक्य नाही, कुत्र्याबरोबर तर नाहीच. तू बैलगाडी घेऊन तीस पावलांवर जायचास. मी कासरा धरायचो, तू चाकाआड चालायचास आणि पक्षी चरत राहायचा. आणि किती करकरायची रे ती गाडी! "वंगण घाल" म्हणून मी दरवेळी कटकट करायचो, तू नुसता हसायचास. तर ती युक्ती नीट लिहून कळव. वाऱ्याची बाजू कोणती धरायची, कुठे थांबायचं. नुसतं बघायचंय. बंदूक आता ना तुझ्याकडे, ना

हे वाक्य लिहायला नको होतं. दुसरा कागद घ्यायचा कंटाळा आला, म्हणून राहू दे.

कार्डावर दोन ओळी लिहिल्यास तरी पुरे.

तुझा
चनबसप्पा


कुंभारी, ता. १ ऑगस्ट १९७७

प्रिय सोमलिंग,

तुझं कार्ड नाही. पोस्टमन दिसला की मी उगाच अंगणात येतो आणि तो उगाच हात हलवून जातो.

अंडं पाहिलं. शुक्रवारी ती चरायला लांब गेली तेव्हा करियाला बाभळीला बांधलं आणि गेलो. एकच अंडं, काळपट हिरवं, वर तपकिरी डाग. उघड्या जमिनीवर. एवढं मोठं पाखरू, आणि घर म्हणून एक काडी ठेवलेली नाही! गाडीवाटेपासून बत्तीस पावलं. दोनदा मोजली.

बत्तीस पावलं म्हणजे काहीच नाही. खालच्या वस्तीवरची सोजरबाई रोज तिथून मेंढरं नेते. शंभर मेंढरांचे चारशे खूर. माझ्या डोळ्यांपुढून ते खूर जाईनात. मग आपल्या धंद्यातलं जे सुचलं ते केलं. चार दगड चुन्यात बुडवले आणि अंड्याच्या चारी बाजूंना वीस-वीस पावलांवर रोवले. म्हटलं, पांढरा दगड पाहून माणूस वाट वाकडी करील.

माणसाने वाट वाकडी केली नाही, दगडच उपटून ओढ्यात फेकले. शनिवारी सोजरबाई काठी आपटत आली.

"मास्तर, सर्वे आलीया व्हय हितं? गायरान घ्यायचं चाललंय म्हनं सरकारचं. तुमी त्या खात्यातलं, तुमाला ठाव आसंल की!"

चावडीत म्हणे आदल्या दिवशी मोठी बोंब झाली होती. चुन्याचा दगड म्हणजे मोजणी आणि मोजणी म्हणजे जमीन गेली, हे या गावाला मीच तीस वर्षं शिकवलंय, आणि तेच मला सुचू नये!

मी काय म्हणालो असेन? म्हणालो, "मला काय माहीत."

तिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि मेंढरं हाकली.

तुझा
चनबसप्पा


कुंभारी, ता. ६ ऑगस्ट १९७७

प्रिय सोमलिंग,

आज तुला हसू येणार आहे, तेव्हा बसून वाच.

मी देव बसवला. होय, मीच. गळ्यात इष्टलिंग असलेल्या माणसाने दगडापुढे हात जोडायचे नाहीत म्हणून तुला म्हसोबाच्या जत्रेतून दंडाला धरून ओढून आणणारा हाच तो चनबसप्पा. बुधवारी बाजारातून शेंदूर आणला, गोड्या तेलात कालवला आणि अंड्यापासून पंधरा पावलांवर एक उभट दगड रोवून त्याला फासला. चुन्याच्या दगडाला गाव हात लावतं, शेंदराच्या दगडाला लावत नाही. रत्नम्माने माझी बोटं पाहिली आणि म्हणाली, "अय्य, ह्या वयात कुणाची पूजा धरली?" मी म्हटलं, गेरू आहे, कुंड्या रंगवल्या. आमच्या घरात एकही कुंडी नाही.

पण चाललं! गुरुवारी सोजरबाईची मेंढरं तिथून सरळ न जाता ओढ्याकाठाने वळली. ती थांबली, हात जोडले, गेली. काल दोघे शेतकरी चपला काढून बाजूने गेले. माळढोकीण अंड्यावर बसून आहे. मी लांबून, ऐंशी पावलांवरून, रोज तासभर पाहतो. करियाचा पाय वर तो वरच. एवढा वेळ तीन पायांवर उभं राहून त्याला कापरं भरतं, तेव्हा मी त्याच्या पोटाखाली हात धरतो.

मी खूश असायला हवा. पण घरी आलो की पुन्हा येरझाऱ्या. पायाला भिंगरी लागलीय असं रत्नम्मा म्हणते. तिला वाटतं, पाखरापायी. तिला सगळंच ठाऊक नाही.

तुझा
चनबसप्पा


कुंभारी, ता. ११ ऑगस्ट १९७७

सोमलिंग,

आज पिठाच्या गिरणीत तुझी बहीण भेटली. मी डबा ठेवून पळणार होतो, पण अंबुबाईने गाठलंच.

"चनबसण्णा, आमच्या अण्णाचं काय पत्र हाय का?"

म्हटलं, नाही. हे तरी खरं बोललो.

"यंदा अधिक म्हैना आला, पंचमी लांबली. म्हून वाटतंय, लांबलेल्या पंचमीला तरी यील का. तीन पंचम्या झाल्या बगा. साऱ्या बायकांचं भाऊ येत्यात, न्हेत्यात. मी दारात झोका बांदती आन सोडती."

तिचं पीठ होईपर्यंत ती बोलत होती आणि मी पट्ट्याकडे पाहत होतो. शेवटी म्हणाली, "माज्या सिद्धारामानं मामाची चुगली किली न्हाय. त्यानं माज्या गळ्याची शपत घेतली. पर अण्णाला कोन सांगनार?"

मला ते अजून जसंच्या तसं दिसतं, सोमलिंग. तुझी बंदूक जप्त झाली, खटला झाला, त्याच आठवड्यात तू चावडीपुढे सख्ख्या भाच्याच्या थोबाडीत दिलीस. वनखात्याची खाकी टोपी त्याच्या डोक्यावरून उडून गटारात पडली. "नोकरीसाठी मामाला विकलंस," असं ओरडलास आणि मग माझ्याकडे वळून म्हणालास, "होय की नाही रे चनबसप्पा? ह्याच्याशिवाय कोण?" मी मान हलवली.

सिद्धारामने तुझं नाव दिलं नव्हतं. एवढंच आज लिहितो. मला कसं ठाऊक, ते आज लिहवत नाही. पंचमी आठ दिवसांवर आहे.

चनबसप्पा


कुंभारी, ता. १६ ऑगस्ट १९७७

सोमलिंग,

हे पत्र मी सकाळपासून चार वेळा सुरू केलंय. आता जसं येईल तसं लिहितो.

काल श्रावणातला पहिला सोमवार. मी आणि करिया वळणावर पोचलो तर माळावर माणसं! दहा-बारा बायाबापड्या, दोन पोरं, एकाच्या हातात घंटा. सगळी माझ्या शेंदराच्या दगडाला पुजायला आलेली. कोणी तरी उठवलं होतं की देव स्वतः जमिनीतून वर आला, आणि तोही अधिकात. नारळ फुटत होते. खोबऱ्यासाठी कावळे जमले होते, गावातली तीन कुत्री आली होती. माळढोकीण शंभर पावलांवर गवतात ताठ उभी होती आणि अंडं उघडं पडलं होतं.

मी करियाला सोडून धावलो. या वयात धावलो. "उठा! जा! देव नाही हा! मी ठेवलाय, मी शेंदूर लावलाय!"

वेड्याकडे पाहावं तसे सगळे माझ्याकडे पाहायला लागले. एक म्हातारा म्हणाला, "लिंगायतांना काय देवाचं!" सोजरबाई तिथेच होती. कमरेवर हात ठेवून म्हणाली,

"तुमी ठिवला म्हून तुमचा झाला व्हय देव? समदं देव कुनीतरी ठिवल्यालंच आस्त्यात की."

मी हात जोडले. म्हटलं, बाई, तिथं अंडं आहे, पाखराचं. कावळे खातील.

"ठाव हाय की मला!" ती म्हणाली. "तुमच्या आदीपासनं ठाव हाय. म्हून तर मेंढरं वड्याकडनं वळवली. शेंदूर बगून न्हाय वळवली. चुन्याचं दगूड ठिवलं, मी इचारलं, तर म्हनं मला काय म्हाईत. मग हे शेंदराचं. आवो मास्तर, तोंड न्हाय व्हय तुमाला? आंडं हाय, तितनं जाऊ नगा, येवडं सांगायचं की! मानसं काय आंडं खात्यात?"

मग तिनेच सगळ्यांना हाकललं. देवाला हलवायचं तर वाजतगाजत हलवायचं म्हणाली, दगड स्वतःच्या डोक्यावर घेतला आणि घंटा वाजवत ओढ्यापलीकडच्या बाभळीखाली नेऊन ठेवला. माणसं तिच्यामागे गेली, कुत्री नारळामागे. दीड तासाने माळढोकीण पावलापावलाने परत आली आणि बसली. मी मटकन खाली बसलो आणि बाईसारखा रडलो. करिया माझं तोंड चाटत होता.

तोंड न्हाय व्हय तुमाला. कालपासून तेच एक वाक्य कानात आहे.

तर आता ऐक. तुझं नाव मी दिलं, सोमलिंग.

आठव. त्या शेवटच्या शिकारीच्या दिवशी कासरा माझ्याच हातात होता. तू बार काढलास, मादी पडली, तू तिला उचलायला गेलास. ती बसली होती तिथे मी गेलो. अंडं होतं. गरम होतं. तुला दाखवलं नाही, टोपीत घालून घरी आणलं. पेटीत कापसात ठेवलं, उबेला कंदील ठेवला. दोन दिवसांनी हात लावला तर गार. परसात पुरलं. तुला तोंडावर सांगायला हवं होतं की पुरे झालं, आता बंदूक ठेव. पण लहानपणापासून तुझ्यापुढे माझी जीभ उचलत नाही, तुला माहीत आहे. म्हणून वनखात्याच्या कचेरीत निनावी अर्ज टाकला. माझं अक्षर सगळ्या तालुक्यात ओळखतात, म्हणून डाव्या हाताने लिहिला. वाटलं होतं, साहेब बोलावून दम देतील, सोडतील. खटला होईल, बंदूक जाईल, असं वाटलं नव्हतं. आणि तू सिद्धारामवर हात टाकशील हे तर स्वप्नातही नव्हतं. पण टाकलास तेव्हा मी तिथे होतो आणि मी मान हलवली. अर्जाचं मला वाईट वाटत नाही, आजही नाही. त्या मान हलवण्याने मला तीन वर्षं खाल्लंय.

तुझा कुत्रा मी दयेने ठेवून घेतला असं गावाला वाटतं. तुझं काहीतरी सांभाळलं की बरं वाटेल, एवढाच माझा हिशेब होता. नाही वाटलं.

काल संध्याकाळी सिद्धारामच्या घरी जाऊन त्यालाही हे सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, टोपी घातली आणि ड्यूटीवर गेला. अंबुबाई चुलीपुढे होती, तिने मागे वळून पाहिलं नाही.

आज पहाटे शेजारच्या जोतीरामची गाडी मागून आणली. तुझं उत्तर येईना, तेव्हा म्हटलं आपणच करावं. चाकांना भरपूर वंगण घातलं, आसात ओतलं म्हण ना. गाडी इतकी गप चालली की माझीच पावलं मला ऐकू येत होती. सत्तर पावलांवर असताना ती उठली आणि उडाली. सोमलिंग, ती उडाली! दोन तास मी तिथे उभा होतो. शेवटी आली, पण आता मला तिच्यावर भरवसा नाही, माझ्यावर तर नाहीच.

शुक्रवारी पंचमी. हे पत्र तुला गुरुवारी मिळेल. मला माफ कर असं लिहिणार नाही, पण बहिणीला न्यायला ये. माझ्या दारावरून गेलास आणि थुंकलास तरी चालेल.

चनबसप्पा


कुंभारी, ता. २१ ऑगस्ट १९७७

सोमलिंग,

तू आलास हे मला टांग्याआधी कळलं.

पंचमीच्या सकाळी आम्ही माळावरून परत येऊन बसलो होतो. करिया उंबऱ्यात पडला होता. एकाएकी उठला, रस्त्याकडे तोंड केलं आणि उजवा पाय वर. घराच्या दारात त्याने असं कधी केलं नव्हतं. मी म्हटलं, म्हाताऱ्याला भ्रम झाला. मग घुंगरं ऐकू आली.

टांगा अंबुबाईच्या दारात गेला. अर्ध्या तासाने परत येताना आमच्या कोपऱ्यावर थांबला. मी खिडकीत होतो. तू माझ्या खिडकीकडे मान वळवली नाहीस, ठीक आहे. करिया सुटला होता. धावत गेला, टांग्याच्या पायरीवर पाय टाकला, पण मागचे पाय आता उचलत नाहीत त्याचे. दोनदा घसरला. तेव्हा तू उतरलास. खाली वाकलास, त्याला दोन्ही हातांनी उचलून घेतलंस, आणि बराच वेळ तसाच उभा राहिलास. तुझे केस सगळे पांढरे झालेत रे.

अंबुबाई टांग्यातून उतरून आमच्या दारात आली. नवी इरकल नेसली होती. रत्नम्मा पाणी आणायला वळली तर म्हणाली, "पानी नगं." आत पाऊल ठेवलं नाही. रत्नम्माला हे सगळं मी आदल्या दिवशी सांगितलं होतं, ती तांब्या हातात घेऊन तशीच उभी राहिली. अंबुबाई माझ्याकडे न बघता म्हणाली,

"अण्णा म्हनतोय, चाकाला वंगन नको घालू म्हनावं त्याला. गाडी करकरत आली की पाखराला कळतंय, शेतकरी आला. गप गाडी आली की त्याला वाटतंय, चोर आला."

एवढं सांगून ती गेली. टांगा वळला. करियाची शेपटी टांग्याच्या कडेवरून हलताना दिसत होती.

म्हणजे तू पत्रं वाचलीस. पहिल्यापासून सगळी.

काल पहाटे दारात गाडी उभी होती. जोतीरामचीच, पण कासरा सिद्धारामच्या हातात. आईला तुझ्याबरोबर पाठवून तो राहिलाय, रजा नाही म्हणतो. त्याने आस चिंध्यांनी पुसून कोरडा केला होता, वर राख चोळली होती. मला म्हणाला, "चाकाआड चला." आणि बैल हाकले. चाक असं कोकलत होतं की खालच्या वस्तीवरून सोजरबाई हात डोळ्यांवर धरून बघायला उभी राहिली.

साठ पावलं. पन्नास. चाळीस. ती मान वर करून बघत होती, पण उठली नाही. तीसवर सिद्धारामने बैल थांबवले. ती शांतपणे उभी राहिली, दोन पावलं चालली, आणि तिच्या पायांतून ठिपक्याठिपक्यांचं एक पिल्लू धडपडत बाहेर आलं. पडलं, उठलं, पुन्हा तिच्या पोटाखाली शिरलं. अंड्याचं कवच बाजूला पडलं होतं. सिद्धारामने टोपी काढली. मी त्याच्याकडे पाहिलं नाही, त्यानेही माझ्याकडे नाही.

वहीत मी रोज वर लिहितो: मी आणि करिया. काल नुसतं 'मी' लिहिलं, मग जरा थांबून 'आणि सिद्धाराम' लिहिलं. खाली लिहिलं: माळढोकीण एक, पिल्लू एक.

करियाला तिकडेच ठेव. त्याच्या उजव्या बाजूने हात लावू नकोस, दिसत नाही त्याला, दचकतो. सकाळी सहाला बाहेर काढ. पाय वर करून फार वेळ उभा राहिला तर पोटाखाली हात धर.

परतीच्या वाटेवर सिद्धारामला म्हटलं, आता राख झटकून वंगण घालून दे, गाडी जोतीरामची आहे. तो म्हणाला, "राहू दे की काका, अजून महिनाभर जायचंय." मग गावात शिरेपर्यंत चाक करकरत होतं, आणि चावडीवरची माणसं आम्हाला बघायला उठून उभी राहिली.

चनबसप्पा